संगणकाचा रोजनामचा दुसऱ्या घरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते हे आपल्याला ठाऊक आहे. कोण आलं, कोण गेलं, कुठली खबर किती वाजता मिळाली, हे तिच्यात वेळेनिशी लिहिलं जातं. तशीच एक डायरी आपल्या कार्यालयातला, बँकेतला, पतसंस्थेतला प्रत्येक संगणक स्वतःच लिहीत असतो. संगणक कधी सुरू झाला, कुणाच्या नावानं उघडला गेला, पासवर्ड किती वेळा चुकला, विषाणूरोधक प्रोग्रामनं काय अडवलं, या सगळ्याची ओळ न ओळ आत पडत असते. या नोंदींना लॉग म्हणतात. आपण त्याला संगणकाचा रोजनामचा म्हणू. आज मला बोलायचं आहे ते या रोजनामच्याविषयी, आणि तो ज्या संगणकात लिहिला जातो त्याच संगणकात ठेवून भागत नाही, त्याची प्रत लगेच दुसरीकडे गेली पाहिजे, याविषयी.

दप्तर एकाच जागी राहिलं की ते त्या जागेबरोबर नष्ट होतं, ही गोष्ट आपल्या वाशिमकरांना नव्यानं सांगायला नको. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या राजांच्या दरबारातलं दप्तर आज कुठे आहे? काही उरलेलं नाही. पण विंध्यशक्ती दुसरा या राजानं दान दिलं तेव्हा त्याचा लेख तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दान घेणाऱ्याच्या हाती दिला होता. ते ताम्रपट वाशिमला मिळाले आणि १९३९ साली प्रसिद्ध झाले. वाकाटकांची अशी एक वेगळी शाखा वत्सगुल्माला नांदत होती, हे अभ्यासकांना त्यावरून कळलं. दरबाराबाहेर गेलेली प्रत टिकली, म्हणून इतिहास टिकला.

अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर कोतवाल बुक घ्या. वऱ्हाडात गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात सापडतात. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचा पुरावा हवा असला की माणूस तहसील कार्यालयात जातो, अभिलेख कक्षात अर्ज करतो आणि कोतवाल बुकाची नक्कल काढतो. घटना गावात घडली. पण नोंद तहसिलीच्या दप्तरात पोहोचली, म्हणून आज नातवाच्या मुलाच्या कामी येते. गावातल्या एखाद्या माळवदाच्या घरात ती राहिली असती, तर वाळवीनं किंवा पावसानं तिचं काय केलं असतं ते सांगायला नको.

संगणकाच्या रोजनामच्याला वाळवी लागत नाही. त्याला दोन वेगळे धोके असतात. पहिला धोका जागेचा. विंडोज प्रणालीच्या संगणकात सुरक्षेच्या नोंदींची जी वही असते, तिचा आकार मुळात साधारण २० मेगाबाइट ठरवलेला असतो. वही भरली की जुन्या नोंदी पुसून त्यांच्या जागी नव्या लिहिल्या जातात. गर्दीच्या संगणकावर ही वही फार दिवस पुरत नाही. महिन्याभरापूर्वी काय झालं असं विचारायला जावं, तर ते पान उरलेलंच नसतं.

दुसरा धोका चोराचा, आणि तो मोठा आहे. घरात शिरलेला चोर कपाट फोडतो, पण आपल्या पायांचे ठसे पुसायला विसरू शकतो. संगणकात शिरलेला माणूस बहुधा विसरत नाही. संगणकाच्या मालकाचे अधिकार हाती आले की वही कोरी करणं हे त्याच्या दृष्टीनं क्षणाचं काम. विंडोजमध्ये अशी वही कोरी झाली की नव्या वहीत ११०२ क्रमांकाची एक नोंद पडते: सुरक्षेची वही अमुक नावाच्या वापरकर्त्यानं पुसली. म्हणजे चोरी झाली एवढं कळतं, पण काय चोरलं ते सांगणारी पानं गेलेली असतात. आणि त्यानं सगळा संगणकच कुलूपबंद करून खंडणी मागितली, तर ती एक ओळही आपल्याला वाचता येत नाही.

यावरचा उपाय किती जुना आहे त्याची एक गोष्ट सांगतो. १९८६ साली अमेरिकेत बर्कले इथल्या लॉरेन्स प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात काम करत होते. संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. रक्कम सोडून देण्यासारखी होती, पण स्टोल यांनी ती सोडली नाही. कुणीतरी परका माणूस प्रयोगशाळेचा संगणक वापरतो आहे, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी काय केलं? कार्यालयातले टंकयंत्रासारखे छापील यंत्रसंच गोळा केले आणि बाहेरून येणाऱ्या टेलिफोनच्या तारांना जोडून ठेवले. तो माणूस जे जे टाइप करी, ते ते कागदावर छापून निघे. संगणकातल्या नोंदी त्याला पुसता येत होत्या, पण हे कागद त्याला दिसतही नव्हते. त्या कागदांच्या आधारे माग काढत काढत तपास पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. तिथला एक तरुण अमेरिकेच्या लष्करी संगणकांतली माहिती काढून सोव्हिएत हेरखात्याला विकत होता.

चोराचा हात जिथे पोहोचत नाही तिथे नोंद ठेवायची, हे तत्त्व त्या वेळेइतकंच आजही खरं आहे. ते पाळलं गेलं नाही तर काय होतं, ते ३० वर्षांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत दिसलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी त्या बँकेच्या संगणकांत शिरून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे पैसे वळते करण्याचे आदेश पाठवले. एकूण मागणी सुमारे ९५ कोटी डॉलरची होती. बहुतेक आदेश अडले, पण ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेले. चोरांनी बँकेच्या संगणकात असा प्रोग्राम पेरला होता, की तो या व्यवहारांच्या नोंदी पुसत होता आणि खातरजमेचे कागद छापू देत नव्हता. सकाळी कर्मचाऱ्यांना एवढंच दिसलं, की प्रिंटर चालत नाही. प्रिंटर बिघडणं ही कुठल्याही कार्यालयात रोजची गोष्ट. ज्या संगणकावर चोरी झाली त्यालाच चोरीचा जाब विचारायची वेळ आली होती, आणि तो संगणक चोराच्या ताब्यात होता.

आता ही प्रत दुसरीकडे जाते कशी, ते थोडक्यात पाहू. समजा, एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय वाशिमला आहे आणि शाखा रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा इथे आहेत. प्रत्येक शाखेत काउंटरवरचे संगणक आहेत. या टोकाच्या प्रत्येक संगणकावर एक छोटा प्रोग्राम बसवतात. त्याचं काम गावच्या खबऱ्यासारखं. रोजनामच्यात नवी ओळ पडली, की तो तिची प्रत मुख्य कार्यालयातल्या एका वेगळ्या संगणकाकडे रवाना करतो. वाटेत कुणी वाचू नये म्हणून ती सांकेतिक रूपात जाते. मध्यवर्ती संगणक सगळ्या शाखांच्या नोंदी वेळेच्या क्रमानं एकत्र लावतो आणि ठरवून दिलेल्या खुणा दिसल्या की इशारा देतो.

आपल्याकडे वीज जाते, तारा तुटतात, इंटरनेट दुपारभर बंद राहतं. मग नोंदी हरवत नाहीत का? चांगली व्यवस्था असेल तर हरवत नाहीत. तो छोटा प्रोग्राम शिल्लक राहिलेल्या ओळी आपल्यापाशी जपून ठेवतो आणि जोडणी आली की जिथे थांबला होता तिथून पुढे पाठवतो. मात्र एक काळजी घ्यावी लागते. शिरलेला माणूस हा प्रोग्रामही बंद पाडू शकतो. म्हणून एखाद्या संगणकाकडून नोंदी येणं थांबलं, तर ते थांबणं हीच एक खबर समजायची. मानोऱ्याची शाखा दुपारी दोनला गप्प झाली, तर फोन करून विचारायचं, वीज गेली का? सगळी शाखा गप्प असेल तर बहुधा वीजच असते. पण पाचपैकी एकच संगणक गप्प झाला आणि बाकीचे चार बोलत आहेत, तर उठून बघायला हवं.

दुसरी काळजी घड्याळाची. पाच संगणकांची पाच घड्याळं वेगळी चालत असतील, तर आधी काय झालं आणि मग काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय काही यंत्रं जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंद करतात. ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. म्हणजे आपल्याकडे रात्री दोनला घडलेली गोष्ट तिथे आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठला घडलेली दिसते. तपासात तारीखच बदलते. म्हणून सगळी घड्याळं एकाच प्रमाणित घड्याळाशी जुळवून ठेवावी लागतात.

आणि तिसरी काळजी सगळ्यांत महत्त्वाची. नोंदी गोळा करणाऱ्या संगणकाचा पासवर्ड वेगळा हवा, तो वापरणारी माणसं मोजकी हवीत आणि शाखेच्या संगणकांना तिथे फक्त लिहिता यावं, पुसता येऊ नये. शाखेच्याच किल्लीनं ही खोली उघडत असेल, तर प्रत दुसऱ्या घरी ठेवल्याचा काही उपयोग झाला नाही.

एवढा खटाटोप केवळ पुरावा टिकवण्यासाठी आहे का? तर नाही. नोंदी एकत्र आल्या की जे सुट्या नोंदींत दिसत नाही ते दिसू लागतं. रिसोडच्या संगणकावर रात्री दोनला पासवर्ड ४० वेळा चुकला आणि ४१ व्या वेळी जुळला. दहा मिनिटांनी मंगरुळपीरच्या संगणकावर त्याच नावानं कुणी शिरलं. पुढच्या दहा मिनिटांत मुख्य सर्व्हरवर एक नवा वापरकर्ता तयार झाला. रिसोडच्या शाखाधिकाऱ्याला सकाळी यातलं काही कळणार नाही, मंगरुळपीरच्याला तर नाहीच. तिन्ही ओळी एकाखाली एक आल्या, तर शाळकरी पोरालाही कळेल की रात्री कुणीतरी आत होतं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आपल्याला आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. चोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जोडीला आपली खोटी यंत्रणा उभी केली. पैसे मागणारी विनंती बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत जातच नव्हती. खोटी यंत्रणाच 'मंजूर' म्हणून उत्तर देत होती. काही तासांत २८ देशांतून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले आणि भारतात २८४९ व्यवहारांत अडीच कोटी. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. यातला एक-एक व्यवहार सुटा पाहिला तर काय दिसतं? कुठल्याशा शहरात कुणीतरी कार्ड घालून पैसे काढले. पण पुण्याच्या एका सहकारी बँकेच्या कार्डांवर एकाच दुपारी २८ देशांत पैसे निघतात, हे एका कागदावर मांडलं की शंकेला जागा उरत नाही. प्रश्न असतो तो हा, की हा कागद किती वाजता आणि कुणासमोर येतो.

कारण नोंदी गोळा झाल्या म्हणजे काम झालं, असंही नाही. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या मोठ्या साखळीतून सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. कंपनीकडे महागडी यंत्रणा होती. तिनं इशारा दिला. बंगळूरमध्ये बसलेल्या चमूनं तो पाहिला आणि मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवला, असं नंतर प्रसिद्ध झालं. तिथे वेळेवर हालचाल झाली नाही. रोज शेकडो इशारे येऊ लागले की त्यातला खरा कुठला ते कळेनासं होतं. शेतात चोवीस तास फटाके वाजवले तर रानडुकरंही सरावतात, तसा हा प्रकार. म्हणून सुरुवातीला मोजकेच इशारे ठेवावेत. रात्री-अपरात्री उघडलेला संगणक, पुन्हा पुन्हा चुकलेला पासवर्ड, नवा वापरकर्ता, बंद पडलेला विषाणूरोधक, पुसलेली वही, आणि गप्प झालेला संगणक. हे सहा रोज पाहणारा एक माणूस नेमला, आणि तो रजेवर गेला तर दुसरा, तरी खूप झालं.

काही कर्मचाऱ्यांना यात पाळत ठेवल्यासारखं वाटतं. ती शंका अगदीच चुकीची नाही. कोण किती वाजता आलं-गेलं हे या नोंदींतून कळतं. म्हणून काय पाठवलं जातं ते आधीच सगळ्यांना सांगावं, ते कुणी पाहायचं हे लिहून ठेवावं आणि हजेरीच्या भांडणात ते वापरू नये. शिवाय नोंदींत नको ते लिहिलं जात नाही ना, हेही पाहावं लागतं. मे २०१८ मध्ये ट्विटर कंपनीला आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदला असं सांगावं लागलं, कारण अंतर्गत नोंदींत पासवर्ड जसेच्या तसे लिहिले गेले होते. रोजनामच्यात घटना असावी, तिजोरीची किल्ली असू नये.

कायदा आणि नियम या बाबतीत आता स्पष्ट आहेत. कॉसमॉसच्या घटनेनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी संगणक सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकानं या बँकांच्या चार पायऱ्या केल्या आणि सर्वांत वरच्या पायरीवरच्या बँकांना स्वतंत्र निरीक्षण केंद्र आवश्यक केलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले, त्यात कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात, सायबर घटना सहा तासांच्या आत कळवावी आणि घड्याळं राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवावीत, असं सांगितलं आहे. वीस मेगाबाइटच्या वहीवर विसंबून १८० दिवसांचा हिशेब देता येणार नाही, हे उघड आहे.

पण आपल्या जिल्ह्यातला बराचसा पैसा पतसंस्थांत असतो. सोयाबीनची पट्टी झाली की शेतकरी तिथे ठेव ठेवतो, मुलीच्या लग्नासाठी आवर्त ठेव तिथेच चालते. पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली, निबंधकांच्या देखरेखीत चालते. रिझर्व्ह बँकेची वर सांगितलेली परिपत्रकं तिच्यासाठी नाहीत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. म्हणजे जिथे पडलं तर खाली जाळं नाही, तिथेच दोर सगळ्यांत पक्का हवा.

खर्चाचं काय, असं संचालक विचारतील. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा महाग आहेत हे खरं. पण वाझूसारखी मुक्त सॉफ्टवेअरं विनामूल्य मिळतात. एक बरा संगणक, पुरेशी साठवण आणि ती नीट बसवून देणारा, चालवणारा जाणकार, हा खर्च राहतो. एकट्या संस्थेला तो जड वाटला तर पाच-सहा संस्थांनी मिळून करावा. धान्याची गोदामं आपण सहकारानं बांधली, तर नोंदींचं गोदाम बांधायला काय हरकत आहे? मात्र प्रत्येक संस्थेचा कप्पा वेगळा आणि कुलूप वेगळं, एवढं पाहावं.

आणि आपण ठेवीदारांनी काय करावं? वार्षिक सर्वसाधारण सभेला आपण जातो, लाभांश विचारतो, चहा-नाश्ता करून परततो. या वेळी उभं राहून चार प्रश्न विचारा. आपल्या संगणकांच्या नोंदींची प्रत दुसरीकडे जाते का? किती दिवस राहते? ती रोज कोण पाहतं? आणि रात्री दोनला काही दिसलं, तर तो माणूस कुणाला फोन करतो? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर 'नाही' असलं तरी लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी त्यावरून विचारता येईल. आणि कुणाची फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. पैसे अडवायचे तर तिथे पहिले तास मोलाचे असतात.

आपल्या पैशाचा हिशेब दोन वह्यांत असावा, एक दुकानात आणि एक घरी, असं जुने व्यापारी मानत आले. संगणक आले म्हणून तो रिवाज मोडायचं कारण नाही.